मोगलाईतलं वाचनालय

आमच्या घरातली म्हातारी माणसं निजामाच्या राज्याला शेवटपर्यंत 'मोगलाई' म्हणत. आबा कंधार तालुक्यातले. चौथीनंतर त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत. हैदराबादेत 1918 साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. त्यामुळं घरी मराठी बोलणाऱ्या आबांना शाळेबाहेरचं छापील मराठी पुस्तक पहिल्यांदा मिळालं ते गावच्या वाचनालयात. हे वाचनालय म्हणजे मारुतीच्या देवळाला लागून एक खोली, एक लाकडी पेटी आणि हाली शिक्क्यात दिलेली वर्गणी. थोरल्या भावानं त्यांना बजावलं होतं, "कुठं जाऊलालास म्हणून कुणी इचारलं तर भजनाला म्हण. पेपर वाचायला म्हणू नकोस." सभा घ्यायला सरकारची इजाजत लागे. 'गश्ती निशाण 53' हे शब्द आबांच्या तोंडून आम्ही नातवंडांनी इतक्यांदा ऐकले की आम्हांला त्या सभाबंदीच्या फर्मानाचा आकडा पाढ्यांआधी पाठ झाला. पुण्यामुंबईकडचा एखादा शिळा पेपर हाती लागे. एकजण मोठ्यानं वाची आणि निरक्षर कुणबीसुद्धा दाराशी बसून ऐकत.

परभणीचं गणेश वाचनालय 1901 सालचं. त्याच साली हैदराबादेत तेलुगू मंडळींनी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम उभारलं, आणि 1922 साली तिथंच मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झालं. दरबारात ज्यांना जागा नव्हती त्या भाषांनी आपापली खोली अशी धरून ठेवली. त्या खोल्यांत जमणारी माणसं पुढं महाराष्ट्र परिषदेत आणि स्टेट काँग्रेसमध्ये दिसतात, यात मला नवल वाटत नाही.

निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या धामधुमीतली गोष्ट आत्या सांगायची. पेटी कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून पुस्तकं गोणपाटात बांधून ज्वारीच्या पेवात उतरवली. वरून कडबा. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मोकळं झालं. त्यानंतर पेव उघडलं तेव्हा बरीच पानं ओलीनं चिकटली होती. आजीनं ती अंगणात वाळवली. घरात वाचता न येणारी ती एकटीच होती. आत्या हे सांगताना दर वेळी थांबायची.

पुढचा इतिहास कागदोपत्री सापडतो. हैदराबाद राज्यानं 1955 साली ग्रंथालय कायदा केला. दुसऱ्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1967 साली महाराष्ट्राचा कायदा झाला. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, अनुदान सुरू झालं, पण ड वर्गाच्या ग्रंथपालाला मिळणाऱ्या पैशात आजही घर चालत नाही. याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

आता लातूरला जा. नीट, जेईई, स्पर्धा परीक्षा. गल्लोगल्ली पैसे भरून बसायच्या अभ्यासिका. सार्वजनिक वाचनालयांतही पोरं स्वतःची पुस्तकं आणि मोबाइल घेऊन येतात. कादंबऱ्यांची कपाटं बंदच. जुने सभासद यावर हळहळतात. मला त्यांचं पटत नाही. एका खोलीत पाच माणसं राहणाऱ्या घरातल्या मुलीला उजेड, पंखा आणि शांत खुर्ची फुकट मिळत असेल तर ते वाचनालय आपलं काम करतंय. आबांनाही आधी जागाच मिळाली होती, पुस्तक नंतर.

मला काळजी आहे ती कपाटांतल्या दुसऱ्या ऐवजाची. मराठी विश्वकोश आज फोनवर वाचता येतो. राज्य मराठी विकास संस्थेनं दुर्मीळ पुस्तकं संकेतस्थळावर ठेवली आहेत, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही खुलं आहे. पुण्यामुंबईचा ग्रंथ कंधारपर्यंत पोचला, पण कंधारच्या कपाटातलं कुठंच पोचत नाही. मुक्तिसंग्रामाच्या स्मरणिका, बंद पडलेली साप्ताहिकं, उर्दूमिश्रित मराठीतली इतिवृत्तं यांची दुसरी प्रत बहुधा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपानं गावंच्या गावं मातीत गेली. त्यांत माणसं गेली, आणि घरोघरच्या पेट्यांतले कागदही गेले. एवढं पाहूनही आपण कपाटांकडं वळलो नाही. नांदेडच्या विद्यापीठाला मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि गावोगावच्या ग्रंथपालांनी मिळून हे काम हाती घ्यावं. फोटो काढायला प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहेच.

आणि माणसं? मोगलाई जाणतेपणी पाहिलेले लोक आता नव्वदीपार गेले. आमच्या आत्याचा आवाज आम्ही कुणी टिपून ठेवला नाही. तुमच्या वाड्यात, वस्तीवर असं कुणी असेल तर यंदाच्या 17 सप्टेंबरच्या झेंड्यापर्यंत थांबू नका. याच आठवड्यात जाऊन बसा, फोन चालू करा, त्यांना बोलू द्या, आणि त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात नेऊन द्या.