तात, तार आणि गज

पाश्चात्त्य तंतुवाद्यांचा इतिहास बहुधा कारागिरांच्या नावांनी सांगितला जातो. वाद्याचे लाकूड, त्यावरचे रोगण, पोटाची गोलाई यांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. ज्या दोन गोष्टींच्या घर्षणातून स्वर प्रत्यक्ष जन्माला येतो, त्या तारेविषयी आणि गजाविषयी मात्र त्या मानाने फारच थोडे बोलले जाते. याचे कारण उघड आहे. वाद्य शतकानुशतके टिकते. तार झिजते, गजाचे केस तुटतात आणि ते बदलून टाकले जातात. जे टाकून दिले जाते त्याचा इतिहास सहसा कुणी जपत नाही.

हा विषय आमच्यापुढे आला तो एका ज्येष्ठ स्नेह्यांमुळे. तरुणपणी ते एका हौशी वाद्यवृंदात डबल बास वाजवीत. पुढे नोकरी, बदल्या आणि दोन खोल्यांचे घर यांच्या रेट्यात ते माणसाहून उंच वाद्य मागे पडले. निवृत्तीनंतर त्यांनी इलेक्ट्रिक अपराइट बास घेतला. हे वाद्य म्हणजे एक उभा, सडपातळ दांडा. त्यावर पट्टी, खुंट्या, घोडी आणि चार तारा. पोट जवळजवळ नाहीच. भोपळा काढून घेतलेला तंबोरा डोळ्यांसमोर आणला, तर वाचकांना त्याची कल्पना येईल. स्वर कानी पडतो तो पिकअप आणि ध्वनिवर्धक यांच्या वाटेने. वाद्यासोबत आलेल्या पोलादी तारा बोटांनी छेडल्या की छान बोलत. गज लावला की मात्र खरखर आणि किंचाळी. "तारा कोणत्या घ्याव्यात, आणि गज कोणता?" असे त्यांनी विचारले. प्रश्न साध्या खरेदीचा वाटला होता. उत्तर शोधताना आम्हांला साडेतीनशे वर्षे मागे जावे लागले.

या बाबतीत मराठी भाषा आपल्याला एक सोय करून देते. इंग्रजीत ज्या सर्वांना एकच शब्द आहे, तिथे आपल्याकडे दोन आहेत. धातूची ती तार, आणि आतड्याची ती तात. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असे ती तात, आणि सारंगीच्या मुख्य तंतूंना आजही असते ती तातच. युरोपातील व्हायोलिन, चेलो आणि डबल बास ही वाद्ये मुळात तातीची वाद्ये होती. मेंढीच्या आतड्याचे पापुद्रे स्वच्छ करून, पीळ देऊन आणि वाळवून ही तात केली जाई. डबल बासचा गेल्या शतकातला इतिहास एका वाक्यात सांगायचा, तर तो तातीकडून तारेकडे झालेल्या स्थलांतराचा इतिहास आहे.

तंतूचा स्वर त्याची लांबी, त्यावरचा ताण आणि त्याचे वजन या तीन गोष्टींवर ठरतो. डबल बासच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. एवढा खर्ज साधायचा तर तंतू फार लांब तरी हवा, फार सैल तरी हवा, नाहीतर फार जड तरी हवा. लांबीला माणसाच्या हाताची मर्यादा आहे. आज ती साधारण १०५ सेंटिमीटर असते. सैल तात लडबडते. जाड तात दोरखंडासारखी होते आणि तिचा स्वर मुका पडतो. यावरचा तोडगा सतराव्या शतकात निघाला. तातीवर धातूची बारीक तार गुंडाळायची, म्हणजे लवचीकता राहून वजन वाढते. १६६४ साली जॉन प्लेफर्ड या लंडनच्या प्रकाशकाने अशा गुंडाळलेल्या तंतूंचा उल्लेख केलेला आढळतो. आज बाजारात मिळणारी बासची जवळजवळ प्रत्येक तार याच युक्तीवर उभी आहे: आत एक गाभा, वर धातूचे वेष्टन. वाद सारा गाभ्याबद्दलचा आहे.

गजाचा वाद निराळा, पण तितकाच जुना. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्त (१७४७–१८३५) याने ब्राझीलमधील पर्नांबुको लाकडाचा, आतल्या बाजूस वाक दिलेला गज जवळजवळ अंतिम रूपास नेला. व्हायोलिनने तो स्वीकारला. डबल बासचे मात्र एकमत कधीच झाले नाही. दोमेनिको द्रागोनेत्ती (१७६३–१८४६) हा व्हेनिसचा वादक १७९४ मध्ये लंडनला आला आणि तिथेच राहिला. त्याचा गज बाहेरच्या बाजूस कमानदार होता आणि तो हात खालून घालून धरायचा असे. १८४५ साली बॉन शहरात बेथोवेनचा पुतळा उभारला गेला, त्या प्रसंगी बेथोवेनच्या पाचव्या सिंफनीत तेरा बासवादकांच्या अग्रभागी हा ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा उभा होता.

त्याच्या नंतरचा मोठा वादक जोव्हान्नी बोत्तेसिनी (१८२१–१८८९). मिलानच्या संगीतशाळेत बसून आणि डबल बास या दोनच वाद्यांच्या शिष्यवृत्त्या शिल्लक होत्या (हा 'बसून' म्हणजे फुंकून वाजवण्याचे वाद्य), म्हणून त्याने डबल बास घेतला, असे सांगतात. पुढे १८७१ मध्ये कैरो येथे 'आयदा' या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगाचे संचालन त्यानेच केले. बोत्तेसिनीने चेलोसारखा, हात वरून ठेवून धरायचा गज पत्करला. तो एकल वादनासाठी वाद्य नेहमीपेक्षा चढे लावी. आजही दुकानात 'सोलो' आणि 'ऑर्केस्ट्रा' असे तारांचे दोन वेगळे संच मिळतात. वाद्य एकच, पण ते कशासाठी वाजवायचे यावर तंतू ठरतो, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते.

तिकडे व्हिएन्नात फ्रांत्स सिमांडल (१८४०–१९१२) याच्या शिक्षणपद्धतीने खालून धरायच्या, रुंद मुठीच्या गजाला प्रतिष्ठा दिली. हा आजचा 'जर्मन' गज. आणि वरून धरायचा तो 'फ्रेंच'. सारंगियाचा हात ज्याने जवळून पाहिला आहे त्याला जर्मन पकड फारशी परकी वाटणार नाही. फ्रेंच गजात हाताचे वजन वरून सहज तारेवर सोडता येते. जर्मन गजात मनगट सरळ राहते आणि जोर बाजूने लागतो. यांत श्रेष्ठ कोणता, हा वाद आम्हांला व्यर्थ वाटतो. हात ज्या पद्धतीत शिकला असेल, तो गज त्या हाताचा.

गज आणि तार यांच्यामध्ये नेमके काय घडते, हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले की गजाच्या केसांना राळेमुळे तार चिकटते, सोबत ओढली जाते, आणि ताण असह्य झाला की निसटून मागे येते. प्रत्येक कंपनात हे एकदा घडते. हेच काम पुढे नेणाऱ्यांत अग्रणी होते चंद्रशेखर व्यंकट रामन. हेल्महोल्ट्झचा तो ग्रंथ त्यांच्या घडणीतल्या महत्त्वाच्या पुस्तकांपैकी एक. १९१८ साली कलकत्त्याहून त्यांनी गजाने वाजवलेल्या तारांच्या कंपनांवर दीर्घ प्रबंध प्रसिद्ध केला, आणि नंतर यंत्राने गज ओढून प्रयोग केले. गज घोडीच्या जितका जवळ न्यावा तितका त्यावरचा दाब झपाट्याने वाढवावा लागतो, हे वादकांना हाताने ठाऊक असलेले सत्य त्यांनी मोजून दाखवले. आमच्या स्नेह्यांच्या वाद्यातली किंचाळी हीच होती. दाब, वेग आणि जागा यांचे गणित त्या तारेला जुळत नव्हते. बासची तार जड असल्यामुळे या चिकटण्या-निसटण्याला लयीत यायला वेळ लागतो. पोलादी तार जितकी ताठ आणि ताणलेली, तितका तो वेळ जाणवतो.

मग अशी तार आली कशासाठी? याचे उत्तर अमेरिकेत आहे. जॅझमध्ये बास मुख्यतः बोटांनी छेडला जाऊ लागला. बिल जॉन्सन नावाच्या वादकाचा गज ऐन कार्यक्रमात मोडला आणि ही पद्धत रूढ झाली, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, आवाजाच्या गदारोळात ताल ऐकू जाण्यासाठी ठसकाच उपयोगी होता. तात त्या कामाला योग्य होती. ती छेडली की 'धप्' असा भरीव ध्वनी येई आणि लगेच विरे. पण ऐकू जाण्यासाठी तिला पट्टीपासून उंच ठेवून जोराने ओढावे लागे. बोटांना फोड येत, दमट हवेत ती उतरे, आणि तिचे आयुष्यही कमी असे. गज मात्र पूर्ण सुटला नाही. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातील जिमी ब्लँटनने १९४० च्या सुमारास, आणि पॉल चेंबर्सने १९५७ च्या 'बास ऑन टॉप' या ध्वनिमुद्रिकेत, गजाने एकल वादन केले. ते त्या दोघांच्या कीर्तीचा भाग आहे.

१९४६ मध्ये एव्हरेट हल याने डबल बासच्या पायाच्या खुंटीत बसवायचा मायक्रोफोन काढला. 'अँपेग' हे नाव 'अँप्लिफाइड पेग' या दोन शब्दांतून आले. १९५१ साली लिओ फेंडरचा पडदे असलेला, गिटारसारखा आडवा धरायचा बास आला. त्याच्या चुंबकीय पिकअपला लोखंडी तारच लागते. तातीचे अस्तित्वच त्याला कळत नाही. ध्वनिवर्धक हाताशी आल्यावर तार पट्टीजवळ आणता आली, हलक्या बोटाने वाजवता आली, आणि पोलादाचा लांबणारा स्वर हा दोष न राहता गुण ठरला. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्ड या १९१९ पासूनच्या कंपनीच्या पोलादी तारा जॅझवादकांच्या आवडत्या झाल्या. चार्ली हेडनसारख्याने वरच्या दोन तारा तातीच्याच ठेवल्या, पण तो अपवाद. तात हरली ती वाईट बोलत होती म्हणून नव्हे. नव्या यंत्राला तिची भाषा कळत नव्हती आणि नव्या धावपळीला तिचे लाड परवडत नव्हते, म्हणून.

याच काळात वाद्याचा देहही गळू लागला. पोट नसलेले किंवा नावापुरते असलेले विजेचे उभे बास १९३० च्या दशकातच निघाले होते. १९६२ चा अँपेगचा 'बेबी बास' प्लास्टिकच्या, चेलोएवढ्या अंगाचा होता आणि न्यूयॉर्कच्या लॅटिन संगीतात तो रुजला. जर्मनीच्या एबरहार्ट वेबरने १९७० च्या दशकात या वाद्यातून स्वतःचा असा गाता स्वर काढला. १९७३ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली 'द कलर्स ऑफ क्लोई' ऐकली म्हणजे हे वाद्य डबल बासची नक्कल नाही याची खात्री पटते. २००७ मध्ये पक्षाघाताने त्याचे वादन थांबले. जुन्या कार्यक्रमांतील आपल्याच एकल वादनाच्या तुकड्यांवर त्याने पुढे २०१२ मध्ये 'रेझ्युमे' रचली.

पोट गेल्याने काय गेले, हे इथे नीट पाहायला हवे. लाकडी पोट स्वर मोठा करते, तसेच ते काही कंपने गिळते, काही फुलवते. तारेच्या कर्कशपणावर ते पांघरूण घालते. विजेच्या वाद्यात हा मध्यस्थ राहिला नाही. घोडीखालचा दाबाचा पिकअप तारेचे जे असेल ते, गजाच्या खरखरीसकट, जसेच्या तसे पुढे पाठवतो. तार आधीच लांब वाजणारी. पोट तिची शक्ती शोषत नाही, म्हणून ती आणखी लांबते. नेड स्टाइनबर्गरच्या उभ्या बासमध्ये पिकअपला चक्क दोन दिशा निवडण्याची कळ आहे, एक छेडण्यासाठी आणि एक गजासाठी. बोट आणि गज यांचे भांडण लाकूड मिटवीत होते; आता ते कळीने मिटवावे लागते.

म्हणून अशा वाद्यावर गज वाजवायचा असेल, तर पोलादाचा जाड, ताठ गाभा असलेल्या 'जॅझ' तारा टाळाव्यात असे आमचे मत झाले. कृत्रिम धाग्याच्या गाभ्यावर धातू गुंडाळलेल्या, कमी ताणाच्या तारा पाहाव्यात. व्हायोलिनसाठी असा गाभा १९७० साली 'डॉमिनंट' या तारांनी लोकप्रिय केला. त्याचा हेतू तातीचा स्वर तारेच्या टिकाऊपणासह परत आणणे हा होता. वेष्टनात लोह नसेल तर चुंबकीय पिकअपचा उपयोग नाही, दाबाचाच हवा, एवढे आधी पाहून घ्यावे. घोडीला पुरेशी कमान आहे की नाही तेही पाहावे. सपाट घोडीवर मधल्या तारा गजाला एकट्या सापडतच नाहीत. गज कार्बन तंतूचा घेण्यात कमीपणा नाही. पर्नांबुकोचे झाड दुर्मीळ झाल्याने २००७ पासून त्याच्या लाकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित आहे. राळ बासची, मऊच हवी. उन्हाळ्यात ती वितळून पसरते, तेव्हा डबी आडवी ठेवू नये.

स्नेह्यांनी कृत्रिम गाभ्याच्या तारा आणि जर्मन गज घेतला. तरुणपणी हात तसाच शिकला होता. बोटांनी छेडल्यावर वाद्य आता पूर्वीइतके लांब बोलत नाही, याची त्यांना थोडी खंत आहे. ती रास्तच आहे. बोट आणि गज या दोघांचीही सारखीच होईल अशी तार साडेतीनशे वर्षांत कुणाला करता आलेली नाही. पोट होते तोवर ही उणीव झाकली जाई. ते गेले आणि निवड वादकावर येऊन पडली. आमच्या स्नेह्यांनी ती केली. रात्री कानांना यंत्र लावून, शेजाऱ्यांची झोप न मोडता, ते आता गज ओढतात.