राजीनामा आणि हुकूमनामा : व्यापारी न्यायव्यवहाराच्या परिभाषेचा ऐतिहासिक विचार

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास कायद्याचा परिचय बहुधा व्याख्यांच्या द्वारे करून दिला जातो. करार म्हणजे काय, वादी कोण, दिवाणी आणि फौजदारी ह्यांत भेद कोणता, इत्यादी प्रश्नांची उत्तरे तो पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. ह्या संज्ञा एका वेळी आणि एका हाताने घडलेल्या नाहीत, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आणून दिली जात नाही. वस्तुतः न्यायसंस्थेत जी जी स्थित्यंतरे झाली, त्यांच्या खुणा ह्या शब्दांत टिकून आहेत. प्रस्तुत निबंधात त्यांपैकी काही शब्दांच्या आधारे एकाच प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे : निवाडा बंधनकारक ठरतो तो पक्षकारांच्या संमतीमुळे, की राजसत्तेच्या आज्ञेमुळे?

मराठी न्यायपरिभाषेत तीन थर स्पष्ट दिसतात. वादी, प्रतिवादी, साक्षी, न्यायाधीश हे शब्द संस्कृत परंपरेतील होत. करार, दावा, वकील, जामीन, मुदत, अदालत हे मूळचे अरबी, परंतु फारसीच्या द्वारे मराठीत रुळलेले आहेत. कोर्ट, अपील, समन्स, वॉरंट हे इंग्रजी अमदानीत आले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय सुचविले; तथापि बाजारपेठेत आणि कचेरीत फारसी शब्दच पुष्कळ अंशी टिकून राहिले. ह्या शब्दांचे अर्थ मात्र स्थिर राहिले नाहीत. 'तकरार' म्हणजे अरबीत पुनरावृत्ती. मराठीत तो शब्द गाऱ्हाणे आणि भांडण ह्या अर्थी आला. 'करार' ह्याचा मूळ अर्थ स्थैर्य. जे ठरले आणि आता हलावयाचे नाही, ते करार, ही अर्थच्छटा मात्र आजही सुटलेली नाही.

पेशवाईतील देण्याघेण्याच्या तंट्यांचा निकाल प्रामुख्याने पंचायतीकडून होत असे. पंचांनी काम हाती घेण्यापूर्वी उभय पक्षांकडून 'राजीनामा' लिहून घेतला जाई आणि जामीनही घेतले जात. राजीनामा म्हणजे राजी असल्याचा लेख : पंच जो निवाडा करतील तो आम्हांस मान्य आहे, अशी लेखी संमती. निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याने सरकारात 'हरकी' आणि हरणाऱ्याने 'गुन्हेगारी' भरावयाची असे. हे दोन्ही शब्द त्या वेळी द्रव्याचे वाचक होते. ही पद्धती निर्दोष नव्हती. पंच जमण्यास विलंब लागे, आणि बलवान पक्षाला राजी करणे दुर्बळाच्या हाती नसे. धनको स्वतःच तगादा लावी, प्रसंगी ऋणकोच्या दारी धरणे धरी, ही वस्तुस्थिती एल्फिन्स्टन ह्याने १८१९ च्या आपल्या अहवालात नोंदविली आहे.

मुंबई बेटावर न्यायाची घडी निराळ्या रीतीने बसली. १७२६ च्या सनदेने तेथे मेयरचे न्यायालय आले. मेयर आणि नऊ आल्डरमेन असे त्याचे स्वरूप होते. परंतु १७५३ च्या सनदेने एतद्देशीयांचे आपापसांतील दावे, उभयतांची संमती असल्याविना, ह्या न्यायालयाने चालवू नयेत असे ठरले. म्हणजे परकीय न्यायालयाच्या दारातही प्रारंभी राजीनाम्याचेच तत्त्व उभे होते. पुढे १७९८ मध्ये रेकॉर्डरचे न्यायालय, १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट आणि १८६२ मध्ये उच्च न्यायालय स्थापन झाले. उच्च न्यायालयात सुप्रीम कोर्ट आणि कंपनीची सदर अदालत ह्या दोहोंचे विलीनीकरण झाले. दरम्यान १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने मुलुखातील दाव्यांसाठी क्रम घालून दिला : प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारी विनियम, ते नसल्यास देशातील रूढी, तीही नसल्यास प्रतिवादीचा कायदा, आणि अखेरीस न्याय, समदृष्टी व सद्सद्विवेक. ह्या क्रमात रूढीला दुसरे स्थान मिळाले. आज्ञा पहिल्या स्थानी गेली. पंचांच्या निवाड्याऐवजी न्यायालयाचा 'हुकूमनामा' आला, आणि त्यासाठी प्रतिवादीने राजी असण्याची आवश्यकता उरली नाही. तो समन्स बजावूनही गैरहजर राहिला, तरी दावा एकतर्फी चालू शकतो.

मग संमती कोठे गेली? ती निवाड्यातून निघून व्यवहाराच्या आरंभी जाऊन बसली. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे मर्म हेच होय. ज्या ठरावाची अंमलबजावणी कायद्याने करून घेता येते, तो करार. त्यासाठी पक्षकार सक्षम हवेत, मोबदला व उद्देश कायदेशीर हवेत, आणि संमती मोकळी हवी. धाक, गैरवाजवी दडपण, लबाडी, खोटे निवेदन अथवा चूक ह्यांनी आलेली संमती मोकळी नव्हे. अज्ञानाचा करार मुळातच निरर्थक ठरतो, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबी प्रकरणात दिला.

परंतु कागदावरील संमती आणि मनातील संमती ह्यांत अंतर पडले म्हणजे काय घडते, ह्याचे उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. परिणाम मात्र उलट झाला. मुदत संपत येताच सावकार नवे खत लिहून घेई. थकलेले व्याज त्यात मुद्दल बनून येई. आणि ज्याला वाचता येत नाही असा कुणबी त्यावर निशाणी करी. न्यायालय खतापलीकडे पाहत नसे. कापसाच्या तेजीनंतरची मंदी आणि वाढलेला सारा ह्यांची त्यात भर पडली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगल उसळली आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरली. दंगलखोरांचा रोख मुख्यतः खते, रोखे व हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर होता. त्यांचा राग माणसापेक्षा लेखावर अधिक होता, हे लक्षणीय आहे. १८७९ च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कायद्याने न्यायालयास खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला, मुदत वाढविली आणि सलोख्याची यंत्रणा निर्माण केली.

'मुदत' ह्या शब्दाचे महत्त्व आजच्या व्यापाऱ्यासही तितकेच आहे. १९६३ च्या कायद्यानुसार उसन्या रकमेचा दावा सामान्यतः तीन वर्षांत आणावा लागतो. प्रतिवादीने आक्षेप घेतला नाही तरी मुदतबाह्य दावा फेटाळणे न्यायालयावर बंधनकारक आहे. मुदतीच्या आत ऋणकोने सहीनिशी लेखी कबुली दिल्यास नवी मुदत सुरू होते. मुदत संपल्याने ऋण नाहीसे होत नाही, ते वसूल करण्याचा न्यायालयीन मार्ग तेवढा बंद होतो. म्हणूनच मुदतबाह्य ऋण फेडण्याचे लेखी व सहीचे वचन करार कायद्याने ग्राह्य धरले आहे. हुकूमनामा हाती आला म्हणजे पैसा हाती आला असेही नव्हे. त्याच्या बजावणीसाठी 'दरखास्त' द्यावी लागते, आणि तिला बारा वर्षांची मर्यादा आहे.

न्यायालयांची उतरंड जिल्ह्यातील दिवाणी न्यायालयांपासून उच्च न्यायालयापर्यंत आणि तेथून, प्रिव्ही कौन्सिलच्या जागी १९५० मध्ये आलेल्या, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाते. २०१५ च्या कायद्याने वाणिज्य न्यायालये वेगळी केली. २०१८ मध्ये त्यांची किमान मूल्यमर्यादा एक कोटीवरून तीन लाख रुपयांवर आणली गेली आणि तातडीची दाद मागावयाची नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न आवश्यक झाला. १९९६ च्या लवाद कायद्याखाली पक्षकार आपला लवाद स्वतः निवडतात. दोन शतकांच्या फेऱ्यानंतर राजीनाम्याचे तत्त्व व्यापारी न्यायात पुन्हा प्रवेश करीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही. स्वतः 'राजीनामा' हा शब्द मात्र जमीन सोडून दिल्याचा लेख ह्या महसुली अर्थावरून सरकत आज नोकरी अथवा पद सोडण्याचा वाचक झाला आहे.

ह्या परतीत एक धोका आहे. लवादाचे कलम, अथवा वाद अमुकच शहरातील न्यायालयात चालेल असे कलम, छापील कराराच्या अखेरीस असते. ज्या न्यायालयांना मुळात अधिकार आहे, त्यांपैकी एकाची अशी निवड ग्राह्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच सांगितले आहे. सोलापूरच्या विणकराने माल सोलापुरात दिला, तरी दिल्लीतील खरेदीदाराशी त्याने केलेल्या सहीमुळे त्यास दिल्लीस जावे लागू शकते. पेशवाईतील राजीनामा पक्षकाराच्या बोलीत लिहिला जाई आणि वाद उद्भवल्यानंतर दिला जाई. आजची संमती वाद उद्भवण्यापूर्वी, पुष्कळदा इंग्रजीत आणि न वाचता दिली जाते. १८७५ च्या कुणब्याला अक्षर येत नव्हते. आजच्या उद्योजकास अक्षर येते, पण परिभाषा येत नाही. दोघांच्या सहीचे मोल कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ सारखेच आहे. वाणिज्याच्या विद्यार्थ्यास कायद्याची परिभाषा मराठीत, तिच्या इतिहासासह शिकविण्याचे प्रयोजन ह्यातच आहे : सही करण्यापूर्वी आपण कशास राजी होत आहोत, हे त्यास कळावे.