साबण, घरगुती

तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या विक्रियेतून छंद म्हणून किंवा विक्रीसाठी लहान प्रमाणावर केलेला अंगाचा साबण. तयार सोप बेस वितळवून त्यात रंग-सुगंध घालणे आणि साच्यात ओतणे यालाही साबण बनवणे म्हणतात; खरे तर तो साबणाला आकार देण्याचा उद्योग. कॉस्टिक हाताळावे लागत नसल्याने नवशिक्यांना तोच सोयीचा पडतो. ‘केमिकल-फ्री साबण’ ही जाहिरात मात्र फसवी. कॉस्टिकशिवाय वडी होत नाही. नीट केलेल्या वडीत ते उरत नाही, इतकेच.

या कामात हातखंड्यापेक्षा हिशेब मोठा. 100 ग्रॅम खोबरेलाला सुमारे 18 ग्रॅम कॉस्टिक लागते, तेवढ्याच शेंगदाणा तेलाला साडेतेराच्या आसपास. घरातले खोबरेल संपले म्हणून 1 किलोच्या घाण्यात शेंगदाणा तेल ओतले, तर 40 ग्रॅमहून अधिक कॉस्टिक मोकळे राहते आणि तो साबण अंग भाजून काढतो. म्हणून तेल वाटी-पेल्याने न मोजता वजनाने घेतात आणि कॉस्टिक हिशेबापेक्षा साधारण 5 टक्के कमी घालतात. शिल्लक राहिलेल्या तेलामुळे साबण सौम्य होतो.

हातमोजे व चष्मा घालून, खिडकी उघडी ठेवून कॉस्टिक थोडे थोडे पाण्यात सोडतात. उलट, कॉस्टिकवर पाणी ओतले तर ते उसळून अंगावर येते. भांडे स्टीलचे हवे. अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक खाऊन टाकते. तापलेले द्रावण निवले की तेलात घालून हँड ब्लेंडरने घुसळतात. वरून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर रेघेसारखी टिकली, की ‘ट्रेस आला’. मग सुगंध घालून मिश्रण साच्यात ओततात. दुसऱ्या दिवशी वड्या कापून 4 ते 6 आठवडे हवेशीर जागी मुरवतात. पावसाळ्यात किनारपट्टीवर हे जड जाते: कारखाने बहुधा काढून घेतात ते ग्लिसरीन घरच्या साबणात राहते, हवेतली ओल ओढते आणि वड्यांना घाम फुटतो.

खोबरेलाने कडकपणा व फेस येतो, पण नुसत्या खोबरेलाचा साबण त्वचा कोरडी करतो. थोड्या एरंडेलाने फेस टिकतो. कोकमाच्या बियांचे, मुठीत वळून ठेवलेले मुठेल कोकणात भेगाळलेल्या टाचांना लावतात. त्याने वडी टणक होते. हळद घालणाऱ्यांची हमखास निराशा होते. अल्कलीत ती पिवळी न राहता तांबडी पडते. हळदीला चुन्याने लाली आणून कुंकू करतात, त्यातलाच हा प्रकार. गुलाबाच्या पाकळ्याही तपकिरी होतात.

विकायचा अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो. 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020 चे सौंदर्यप्रसाधने नियम त्याला लागू होतात. महाराष्ट्रात परवाना अन्न व औषध प्रशासन देते. उत्पादनाची जागा राहत्या घरापासून वेगळी असावी लागत असल्याने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हा धंदा कायदेशीर होत नाही. परवानाधारक कारखान्यात आपल्या नावाने माल करून घेण्याची सोय नियमांत आहे. मुरताना पाणी उडून वडी हलकी होते, तेव्हा वेष्टनावरचे वजन कापतानाचे नव्हे, मुरल्यानंतरचे छापावे लागते.