बिनआरशाचं घराणं

एखाद्या वस्तूतून काहीतरी काढून टाकलं की तिची किंमत वाढते, हे अर्थशास्त्र बी. कॉम.च्या तीन वर्षांत आम्हाला कुणी शिकवलं नाही. बिनसाखरेची बिस्किटं साखरेच्या बिस्किटांपेक्षा महाग. बिनतारेचा इयरफोन तारेच्या इयरफोनपेक्षा महाग. अपवाद एकच, बिनपगारी रजा. तेव्हा चिरंजीवांनी ‘मिररलेस’ कॅमेऱ्याचं नाव काढलं, त्याच वेळी आरसा नसण्याचे बरेच पैसे पडणार हे मी ओळखलं. आकडा लाखाच्या आसपास निघाला. २०२७ चा सिंहस्थ त्याला टिपायचा आहे.

कन्येला मात्र नवा कॅमेरा नको. तिला हवा आहे आमच्या कपाटातला, २००९ साली घेतलेला, साबणाच्या वडीएवढा डिजिटल कॉम्पॅक्ट. कॉलेजात म्हणे सध्या तीच फॅशन आहे. त्यातले फोटो ‘जुने’ दिसतात! आम्ही तो घेतला तेव्हा ते फार नवे दिसायचे. असो. कर्जाचा अर्ज आला की आधी खात्याचा मागचा उतारा बघायची बँकेतली सवय. म्हणून मी या आरशाच्या मागच्या नोंदी काढायला बसलो.

कॅमेऱ्यात आरसा असतो कशाला? तर भिंगातून आलेला उजेड वर वळवून आपल्या डोळ्यापर्यंत पोचवायला. म्हणजे भिंगाला जे दिसतं नेमकं तेच आपल्याला दिसतं. आमच्या भाषेत सांगायचं तर आरसा हा पासिंग ऑफिसर. पण गंमत अशी, की बटण दाबलं की याला बाजूला व्हावंच लागतं, नाहीतर उजेड फिल्मपर्यंत जाणार कसा? त्यामुळे फोटो ज्या क्षणी निघतो नेमक्या त्या क्षणी फोटो काढणाऱ्याला काहीच दिसत नाही. ऐन पैसे मोजायच्या वेळी साहेब चहाला!

ही कल्पना थॉमस सटन नावाच्या इंग्रजानं १८६१ साली पेटंट करून ठेवली. १९३६ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनला ‘किने एक्झाक्टा’ हा पस्तीस मिलिमीटरचा आरसेवाला कॅमेरा आला. त्याचा आरसा एकदा वर गेला की रोल पुढे सरकवेपर्यंत खाली येतच नसे. साहेब चहाला गेले ते थेट संध्याकाळी. १९५४ मध्ये जपानच्या असाही कंपनीनं फोटो काढताच लगेच परत येणारा आरसा आपल्या कॅमेऱ्यात बसवला, १९५९ मध्ये ‘निकॉन एफ’ आला, आणि पुढे पन्नास वर्षं लग्नकार्यात गळ्यात काळं धूड अडकवून ‘जरा इकडे बघा’ म्हणणाऱ्यांचं राज्य सुरू झालं.

मग फिल्म गेली, तिच्या जागी सेन्सर आला. सेन्सर स्वतःच पडद्यावर चित्र दाखवू शकतो म्हटल्यावर मधल्या आरशाचं काम काय? बँकेत लेजरं गेली आणि शिल्लक स्क्रीनवर दिसू लागली, तसंच हे. २००८ साली पॅनासॉनिकनं भिंग बदलता येणारा ‘ल्युमिक्स जी वन’ हा बिनआरशाचा डिजिटल कॅमेरा काढला. २०१३ मध्ये सोनीनं त्यात पस्तीस मिलिमीटर फिल्मएवढा मोठा सेन्सर घातला. निकॉन आणि कॅनन ही जुनी सराफी दुकानं. पण २०१८ साली त्यांनाही तसाच मोठ्या सेन्सरचा बिनआरशाचा माल मांडावा लागला, आणि २०२० मध्ये जगभर आरसेवाल्यांपेक्षा बिनआरशाचे कॅमेरे जास्त गेले.

नाशिककरांनी मात्र या बातमीनं भारावून जायचं कारण नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून जो विल्यमसन कॅमेरा आणवला, त्यात कुठे आरसा होता? ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांनी त्याच्यावर काढला आणि १९१३ सालीच बिऱ्हाड आणि धंदा नाशकात हलवला. फिल्मच्या कडेला भोकं पाडण्यापासूनची कामं सरस्वतीबाई घरी करत. आज कोणी नवऱ्याचा मिररलेस साधा पुसून तरी देईल का, हा प्रश्न मी आमच्या घरात मोठ्यानं विचारलेला नाही.

फाळक्यांच्या चरित्रात आणखी एक गोष्ट आहे. सिनेमाच्या आधी त्यांनी फोटोचा धंदा करून पाहिला, तेव्हा बडोद्यात अशी आवई उठली की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो. हे वाचून लोक हसतात. मला हसता येत नाही, कारण माझ्या आजीचं अगदी हेच मत होतं. तेही १९८० साली!

त्या वर्षी नाशकात सिंहस्थ होता आणि आमच्या नानांकडे, म्हणजे वडिलांकडे, ‘आगफा क्लिक थ्री’ होता. भारतातच तयार होणारा, प्लॅस्टिकच्या अंगाचा, स्वस्त आणि मस्त. त्यात ऊन आणि ढग अशा दोनच खुणा. एका रोलवर बारा फोटो, आणि पाठीच्या लाल काचेतून आकडा बघून रोल फिरवायचा. बारा वर्षांनी सिंहस्थ, बारा फोटोंनी रोल. नानांचा हिशेब असा, की सिंहस्थाला एक रोल म्हणजे वर्षाला एक फोटो, परवडण्यासारखं आहे. आजी मात्र कॅमेरा दिसला की पदर तोंडावर घ्यायची. ‘आयुष्य कमी होतं’ म्हणायची. रामकुंडावर मात्र ती सापडली. एक वर्षाचा मी तिच्या दोन्ही हातांत होतो, पदर ओढायला हात मोकळा नव्हता. नाना पटकन पुढे सरसावले आणि त्यांनी बटण दाबलं.

या क्लिक थ्रीत आरसा नाही. बघायचं भोक वेगळं आणि भिंग वेगळं, भोक वर आणि भिंग त्याच्या खाली. लांबच्या देवळाला त्यानं फरक पडत नाही, पण माणूस जवळ असला की भोकातून पूर्ण दिसणारं डोकं भिंगाच्या हिशेबी वरून कापलं जातं. त्या काळच्या मराठी घरातल्या अल्बममध्ये इतकी बिनडोक माणसं का, याचं शास्त्रीय कारण हे आहे. आमच्याही फोटोत मी आहे, आजीचे हात आहेत, आणि भुवयांपर्यंत आजी आहे. तिचा एकुलता एक फोटो. आजी चौऱ्याऐंशी वर्षं जगली. ‘अर्धीच आले होते म्हणून वाचले’ असं सांगायची.

आता कॉम्पॅक्ट की मिररलेस? आमचे कॅशियर हौशी आहेत, त्यांचा मिररलेस एका रविवारी मागून आणला. चिरंजीव तो घेऊन आणि कन्या २००९ ची साबणवडी घेऊन असे दोघे संध्याकाळच्या आरतीला रामकुंडावर गेले. मी परीक्षक. कॉम्पॅक्टचं बटण दाबल्यावर तो जरा विचार करतो आणि मग फोटो काढतो. तोवर आरती ओवाळणाऱ्याचा हात पलीकडे गेलेला असतो. त्याच्या पोटातला सेन्सर बोटाच्या नखाहून लहान, जेमतेम सहा मिलिमीटर रुंद. अंधारात त्याला उजेड पुरत नाही, मग सगळ्या नदीवर रांगोळी सांडल्यासारखे ठिपके येतात. मिररलेसचा मोठा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळ तीस पट. त्यात ज्योत ज्योतीसारखी आली, पाणी काळं आलं. शिवाय हे यंत्र गर्दीतून माणसाचा डोळा शोधून त्यावर चौकोन धरतं. आणि फोटो कसा येणार हे बटण दाबायच्या आधीच दिसतं, डोकं कापायची सोयच नाही.

पण पडदा सतत जळत असल्यानं बॅटरी आरतीआधीच निम्मी झाली. आरशाला वीज लागत नव्हती, हे त्या बिचाऱ्याच्या बाजूनं सांगायला हवं. शिवाय चिरंजीवांच्या गळ्यातलं भिंग बघून लोक आपोआप सावरून बसत, पोट आत घेत. कन्येच्या साबणवडीकडे कोणी बघितलंच नाही, त्यामुळे एक आजोबा जांभई देताना, एक पोरगं प्रसादाचा पेढा दोन्ही गालांत भरताना असे तिला सापडले. ठिपक्यांसकट ते फोटो मला जास्त आवडले. निकाल मी राखून ठेवला, घरात राहायचं आहे.

जगानं मात्र निकाल कधीच देऊन टाकलाय. जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या हिशेबात २०१० साली बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाहेर पडले, त्यात बहुतेक अशाच साबणवड्या. २०२३ मध्ये सगळे मिळून ऐंशी लाखसुद्धा भरले नाहीत. मधल्या काळात मोबाइल आला. तोही बिनआरशाचाच.

आणि आकारावर जायचं, तर नानांच्या क्लिक थ्रीचं निगेटिव्ह ५६ बाय ५६ मिलिमीटरचं. लाखाच्या मिररलेसच्या सेन्सरपेक्षा साडेतीन पट मोठं! हे मी चिरंजीवांना सांगितलं. त्याचा विश्वास बसेना, तेव्हा माळ्यावरचा बिस्किटांचा डबा काढला. २००८ च्या पुरात गोदेचं पाणी आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर शिरलं, अल्बम गेला. आजीचा फोटो भिंतीवर होता म्हणून राहिला, आणि निगेटिव्हं माळ्यावर होती म्हणून. त्यानं एक-एक निगेटिव्ह टॅबच्या पांढऱ्या पडद्यावर धरून मिररलेसनं त्याचे फोटो काढायला घेतले. आजीच्या निगेटिव्हवर ते हुशार यंत्र अडलं. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेल्या चेहऱ्यात त्याला डोळा काही सापडेना. शेवटी चिरंजीवांनी हातानं भिंग फिरवून फोकस केला आणि संगणकावर चित्र सुलटं केलं.

छापताना कागदाच्या चौकटीत निगेटिव्हची कड थोडी झाकली जाते, हे मला ठाऊक नव्हतं. भिंतीवरच्या फोटोत आजी भुवयांपर्यंत आहे. निगेटिव्हवर त्याच्यावर आणखी बोटभर जागा आहे, आणि तिथे कपाळ आहे, ठसठशीत कुंकू आहे, पदराची कड आहे. कन्येनं चित्र मोठं केलं. आजी भिंगाकडे बघतच नव्हती. कॅमेऱ्याच्या वरून ती थेट नानांकडे बघत होती, आणि घरी गेल्यावर नानांचं काय होणार होतं ते तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं.