राज्यघटना लिखितच हवी का? ब्रिटनचा अनुभव, भारताची निवड आणि सीमाभाग

ब्रिटनचा कारभार लिखित घटनेशिवाय चालतो, मग आपल्याला एवढा जाडजूड ग्रंथ कशाला, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. त्याचं उत्तर सीमाभागातल्या मराठी माणसाच्या जवळचं आहे.

ब्रिटनमध्ये काय आहे?

ब्रिटनला घटना आहे, पण ती एका दस्तऐवजात नाही. १६८९ चा बिल ऑफ राइट्स, १९११ चा पार्लमेंट ॲक्ट, १९९८ चा मानवी हक्क कायदा, कोर्टाचे निकाल आणि जुने संकेत यांवर तिथला गाडा चालतो. फायदा असा की बदल चटकन होतो. संसदेची मुदत ठरवणारा २०११ चा कायदा २०२२ मध्ये साध्या बहुमताने रद्द झाला. धोकाही तिथेच आहे. आज कायद्याने दिलेला हक्क उद्याचं बहुमत काढून घेऊ शकतं.

भारताने काय केलं?

घटना समितीने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ३९५ कलमांची घटना स्वीकारली. ती बदलायला कलम ३६८ प्रमाणे विशेष बहुमत लागतं. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात सुप्रीम कोर्टाने आणखी एक मर्यादा घातली: संसदेला घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही.

सीमाभागाशी संबंध काय?

कलम २९ आणि ३० मुळे भाषिक अल्पसंख्याकांना आपली भाषा जपण्याचा आणि शाळा चालवण्याचा मूलभूत हक्क आहे. त्यावर गदा आली तर थेट कोर्टात जाता येतं.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०क आलं. मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्याने सोयी करण्याचा ‘प्रयत्न’ करावा, असं ते सांगतं. हक्क आणि प्रयत्न यांत बराच फरक आहे.

राज्यांच्या सीमांचं काय? कलम ३ नुसार संसद त्या साध्या बहुमताने बदलू शकते. संबंधित विधानसभेचं मत मागवावं लागतं, पण ते बंधनकारक नसतं. महाराष्ट्राने २००४ मध्ये सीमाप्रश्नी सुप्रीम कोर्टात दावा दाखल केला, तोही घटनेतल्याच कलम १३१ खाली.

थोडक्यात, ज्यांची संख्या कमी, त्यांना लिखित घटनेची गरज जास्त. पण नुसतं लिहून भागत नाही. कोणत्या कलमात ‘हक्क’ आहे आणि कोणत्यात ‘प्रयत्न’, हे माहीत असेल तरच अर्ज नेमका कुठे करायचा ते कळतं.