नोंदवहीत भूक का नाही?

आम्ही अभ्यासवर्गात तरुणांना नेहमी एक प्रश्न विचारतो. पाऊस पडला नाही. शेतमजुराचे काम गेले. आधी घरातली भांडी विकली, मग शेळी विकली. कुटुंब गाव सोडून निघाले. वाटेत पाला उकडून खाल्ला, डबक्यातले पाणी प्याले. आठ दिवसांनी पोराला हगवण लागली आणि ते मेले. हे पोर कशाने मेले?

कोणी म्हणतो भुकेने, कोणी म्हणतो घाण पाण्याने, कोणी म्हणतो दुष्काळाने. ब्रिटिश सरकारच्या मृत्यूनोंदीत मात्र याचे एकच उत्तर होते : पोटाचा विकार. विषय संपला!

मित्रहो, हा विषय तिथे संपत नाही, तिथूनच सुरू होतो. मरणाचे कारण कोणत्या रकान्यात लिहिले जाते यावर त्या मरणाचा जाब कोणाला द्यावा लागणार हे ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने मृत्यूची कारणे ठरावीक रकान्यांत भरायला सुरुवात केली. पटकी, देवी, ताप, हगवण-आमांश, इजा आणि उरलेले सगळे 'इतर कारणे'. गावात डॉक्टर नव्हता. मृत्यूची खबर जायची ती गावकामगारांच्या दप्तरात. त्यामुळे 'ताप' हा रकाना कायम फुगलेला असे. भुकेला मात्र स्वतःचा रकाना नव्हता. ज्याचा रकाना नाही, त्याची बेरीज नाही. आणि ज्याची बेरीज नाही, त्याचा गुन्हेगारही नाही.

१८७६ ते १८७८ चा महादुष्काळ याच नोंदवहीवरून गेला. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, विजापूर हा सगळा दख्खनचा पट्टा आणि खाली मद्रास, म्हैसूर होरपळून निघाले. व्हाइसरॉय लिटनने रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याला दुष्काळी कामांचा खर्च आवरायला पाठवले. टेंपलने कामावरच्या प्रौढ पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, आणि वर अर्धा आणा इतकी खाली आणली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एवढ्यावर जगायचे होते. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी याविरुद्ध कामे सोडली. अन्नधान्याची निर्यात मात्र चालूच राहिली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हाच टेंपल १८७३-७४ च्या बिहारच्या टंचाईत प्रमुख अधिकारी होता. तिथे त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, सढळ हाताने वाटला आणि भूकबळी जवळजवळ होऊ दिले नाहीत. त्याबद्दल त्याच्यावर उधळपट्टीचा ठपका आला! तीन वर्षांनी तोच माणूस दख्खनमध्ये आला आणि त्याने हात आखडला. दोन्हीकडे पाऊस फसला होता. बिहारमध्ये माणसे वाचली, दख्खनमध्ये मेली. मग हे मरण 'नैसर्गिक' कसे?

मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी टेंपलच्या एक पौंडाला उघड विरोध केला. एवढ्या धान्यावर कष्ट करणारे शरीर टिकत नाही, डाळ आणि भाजीपालाही हवा, असे त्यांचे म्हणणे होते. मद्रासमध्येच डॉ. पोर्टर यांनी छावणीत मेलेल्यांची शवविच्छेदने केली. शरीरातली चरबी संपलेली, स्नायू झिजलेले, आतडी पातळ झालेली. अशा आतड्यांत अन्न पचत नाही, म्हणून हगवण लागते. म्हणजे नोंदवही जिला मरणाचे कारण म्हणत होती, ती हगवण उपासमारीचाच शेवटचा टप्पा होती.

पटकीचे जंतू खोटे होते, असे आम्ही म्हणत नाही. पटकी होती, तापही होता. पण पोट भरलेला माणूस ज्या तापातून उठतो, त्याच तापात उपाशी माणूस जातो. डॉक्टरच्या दृष्टीने कारण ताप. इतिहासाच्या दृष्टीने कारण भूक. सरकारने सोयीचे तेवढे लिहिले.

मग खरा आकडा कसा काढायचा? मार्ग सोपा आहे. रोगाचे नाव विचारायचेच नाही. नेहमीच्या वर्षी किती माणसे मरतात आणि या वर्षी किती जास्त मेली, एवढेच मोजायचे. १८८० च्या दुष्काळ आयोगाने असाच हिशेब मांडला, तेव्हा एकट्या ब्रिटिश मुलखात सुमारे साडेबावन्न लाख माणसे जास्तीची मेल्याचे दिसले. रकान्यांनी लपवलेले बेरजेने उघडे केले.

पण या बेरजेतही एक गोष्ट दिसत नाही. आधी कोण मेले? ज्याची जमीन नाही, कणगी नाही, ज्याला सावकार उभा करत नाही, तो. महार, मांग, चांभारांचे पोट बलुत्यावर. खळ्यावर रासच पडली नाही तर बलुते कुठून मिळणार? कुणब्याकडे विकायला बैल तरी होता. आपल्या माणसांकडे विकायला फक्त अंगमेहनत होती आणि तिला गिऱ्हाईक नव्हते. दुष्काळ आभाळातून उतरला खरा, पण जातीच्या उतरंडीवरून घरंगळत तो तळाशी येऊन साचला.

हे ओळखणारी माणसे तेव्हाही होती. १८७७ मध्ये सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवले, त्यासाठी जोतीरावांनी जाहीर आवाहन केले. सावित्रीमाई जुन्नर-ओतूर भागात फिरत होत्या. एप्रिल १८७७ च्या त्यांच्या पत्रात दुष्काळाबरोबर सावकारांची लुबाडणूकही आहे आणि सत्यशोधक कार्यकर्त्यांना झालेली अटकही. सरकार जिथे ताप आणि हगवण पाहत होते, तिथे माईंना सावकार आणि कलेक्टर दिसत होते.

इंग्रज गेले. रकान्यांचे राजकारण गेले का? १९६३ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने एक कायदाच केला. राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून 'दुष्काळ' हा शब्द काढून त्याजागी 'टंचाई' घातला. सरकार पिकांवर सतत लक्ष ठेवते, म्हणून आता दुष्काळ पडायला वावच उरलेला नाही, असे कारण दिले गेले. नऊच वर्षांनी १९७२ उजाडले. लाखो माणसे खडी फोडायला गेली, सुकडीवर जगली. कायद्याच्या भाषेत ती होती टंचाई! त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून बौद्ध स्त्रियांची विटंबना झाली. टंचाई पाण्याची होती की माणुसकीची, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

आजचा रकाना 'पात्र' आणि 'अपात्र' असा आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर मदतीसाठी कुटुंबाच्या नावावर शेती लागते, बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचे थकीत कर्ज लागते. त्याच शिवारातला भूमिहीन मजूर त्याच नापिकीने खचून गेला तर तो शेतकरीच नाही. त्याच्या नावे सातबारा नाही, म्हणून त्याच्या मरणाला कारण नाही. १८७७ चा 'इतर कारणे' हा रकाना अजून बंद झालेला नाही.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती सरकारी मालकीची करून सामुदायिक पद्धतीने कसण्याची योजना मांडली. जमीनदार नको, कूळ नको आणि भूमिहीन मजूरही नको. आमच्या मते मरणाच्या कारणांचे सर्वात नेमके वर्गीकरण हेच आहे, कारण ते रोगापाशी थांबत नाही, भूमिहीनतेपर्यंत जाते.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. पूर, दुष्काळ, उष्णतेची लाट आली की सरकारी आकडा ऐकून परत येऊ नका. गेल्या वर्षी वस्तीत किती माणसे गेली आणि यंदा किती गेली, ते मोजा. कोणाच्या घरात धान्य होते, पाणी कुठून आणावे लागत होते, टँकर कोणत्या आळीत थांबला, हे लिहून ठेवा. सरकारच्या वहीत रकाना नसेल, तर आपल्या वहीत आपण तो आखू.

जय भीम!