मासळीच्या खताचं कुळ

रत्नागिरीत मासळी धुतलेलं पाणी सहसा मोरीत जात नाही. ते कढीपत्त्याच्या, नाहीतर मांडवावर चढू लागलेल्या पडवळाच्या मुळाशी जातं. बंदरावर उरलेली, खाण्याजोगी नसलेली बारीक मासळी वाळली की तिची कुटी होते. ती माडाच्या आळ्यात घालायची. परड्यातल्या भाजीलाही मूठभर, पण खोल पुरून आणि वर माती दाबून. नाहीतर रात्रीत कुत्री आळं उकरून ठेवतात.

हल्ली सेंद्रिय भाजीवाल्यांकडे हेच खत बाटलीत असतं, ‘फिश अमिनो’ नावाने. मासळीचे तुकडे आणि तेवढाच गूळ बरणीत झाकून ठेवला की गूळ मासळीतला रस ओढून घेतो, मिश्रण आंबतं आणि तपकिरी अर्क सुटतो. तो लिटरभर पाण्यात दोनेक मिलिलिटर पुरतो. ही रीत लोकप्रिय झाली ती कोरियाच्या चो हान-क्यू यांच्या नैसर्गिक शेतीमुळे.

त्याहून जुनी कृती संस्कृतात आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त कुणपजल सांगितलंय: मांस, चरबी, मज्जा पाण्यात शिजवायची, त्यात तिळाची पेंड, मध, भिजवलेले उडीद, थोडं तूप घालून मडकं उबेला ठेवायचं. मांसाच्या यादीत मासेही आहेत. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातल्या या हस्तलिखिताची प्रत य. ल. नेने यांनी मिळवली आणि नलिनी साधले यांचा इंग्रजी अनुवाद 1996मध्ये सिकंदराबादच्या एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशनने छापला. नेने वनस्पतिरोगतज्ज्ञ. भातावरचा ‘खैरा’ रोग जस्ताच्या कमतरतेने होतो, हे त्यांनीच दाखवलं होतं. तेव्हा ही निव्वळ पोथीभक्ती नव्हती.

म्हणून कोकणातली कुटी सुरपालाच्या पोथीतून उतरली असं म्हणायचा मोह होतो. मला तो पटत नाही. झाडाला तूप-मध पाजणारी बाग ऐपतवाल्याची. किनाऱ्यावरच्या बाईने दारात पडलेलं वापरलं. तिला पोथी कशाला हवी?

बाटली आणि कुटी यांत निवड मात्र पाऊस करतो. जांभ्याच्या मातीत पाणी ठरत नाही आणि आषाढात पातळ खत घातलं तर ते मुळांना लागण्याआधी वाहून जातं. पुरलेली कुटी सावकाश कुजते, नत्र हळूहळू सोडते. त्यामुळे पावसाळी दोडक्या-पडवळाला कुटी आणि दसऱ्यानंतर पेरलेल्या लाल माठाला बाटलीतला अर्क, असा माझा कौल. मासळी खारवलेली असेल तर मात्र आधी दोन पाण्यांतून काढावी. मिठाने कोवळी रोपं करपतात.